मिशनातलं बाळंतपण

आमच्या आजोळच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एरवी वाढदिवस, आमरसाचे फोटो आणि कुणाच्या तरी गुडघ्याच्या ऑपरेशनची खबर एवढंच असतं. गेल्या उन्हाळ्यात मामेभावाने एक लांबलचक फॉरवर्ड टाकला. मिशनऱ्यांनी आपल्या भोळ्या लोकांना औषधाच्या बाटलीतून धर्म कसा पाजला, असा एकूण सूर. खाली नेहमीप्रमाणे चार अंगठे, दोन जोडलेले हात. मग थोरल्या मावशीचा मेसेज आला. मावशी ८४ वर्षांची. रोज सकाळी फुलांचं चित्र टाकण्यापलीकडे ती तिथे काही बोलत नाही. तिने लिहिलं होतं, ‘मी मिरजेच्या मिशनात झाले.’ बस, एवढंच. संध्याकाळपर्यंत ग्रुप गप्प. शेवटी कुणीतरी हापूसच्या पेटीचा भाव विचारला आणि सगळ्यांची सुटका झाली.

माझी मात्र झाली नाही. कारण आमच्याकडे लहानपणापासून सांगितलं जायचं की आजीची सगळी बाळंतपणं वाड्यातच झाली. ती खोलीसुद्धा मी पाहिलेली आहे. माजघराच्या डाव्या अंगाला, बुटक्या दाराची, खिडकी म्हणजे वीतभर झरोका. माझ्या वेळेपर्यंत तिथे चिंचेचे गोळे, फुटक्या फण्या आणि गौरीचे मुखवटे ठेवायचे, पण भिंती अजून काळ्या होत्या. बाजेखाली शेगडी, शेगडीत गोवऱ्या, वर बाळंतशेपा-ओव्याची धुरी, असं पिढ्यान्‌पिढ्या झालेलं. भिंतीवर बोट फिरवलं की काजळी यायची. ‘या खोलीत मावशी झाली, तुझी आई झाली, मामा झाले’ असं आम्हाला अभिमानाने दाखवलं जायचं. आणि त्या यादीतलं पहिलंच नाव खोटं निघालं.

खोटं कुणी सांगितलं, यापेक्षा सांगावंसं का वाटलं, हे मला जास्त खुपत होतं.

सांगलीला गेले तेव्हा मावशी गॅलरीत बसून शेंगा सोलत होती. तिच्या डाव्या कानशिलापाशी एक खळगा आहे, अंगठ्याचं टोक मावेल एवढा. लहानपणी आम्ही विचारायचो तेव्हा ती ‘झोपाळ्यावरून पडले’ म्हणायची. या वेळी विचारायच्या आधीच तिने तिथे बोट ठेवलं. ‘चिमट्याची खूण,’ ती म्हणाली. ‘१९४१ची.’

मावशीच्या आधी आजीची दोन गेली होती. पहिलं आडवं आलं. हात बाहेर पडला आणि पुढे काही सरकेना. दीड दिवस आजी तशी होती. दुसरा मुलगा चांगला गुटगुटीत, पाचवीला सटवाईची पूजा थाटात झाली, आणि आठव्या दिवशी त्याचा जबडा मिटला, पाठ धनुष्यासारखी वाकली. धनुर्वात. नाळ कशाने कापली, वर काय लावलं, हे कुणी विचारलं नाही, कारण त्या काळात ते विचारायचं असतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. सटवाईने कपाळावर लिहिलेलं, एवढं कारण पुरेसं होतं. तिसऱ्या खेपेला कळा सुरू होऊन रात्र उलटली, तेव्हा निर्णय दिला तो आमच्या पणजीनेही नव्हे, आजोबांनीही नव्हे. तो दिला मांगवाड्यातल्या सुईणीने. उंबऱ्याच्या आत उभी राहून ती म्हणाली, ‘ह्ये माज्या हातनं न्हाई व्हायचं. मिरजंला न्या. येळ लावू नगा.’

बैलगाडीत पेंढा, पेंढ्यावर वाकळ, वाकळेवर आजी. बरोबर तिची आई आणि तांब्याची एक कळशी, कारण मिशनातलं पाणी चालायचं नाही.

हे ऐकल्यापासून मी मिळेल ते वाचत सुटले. मिरजेचं सगळ्यांना माहीत असतंच, वानलेस साहेबांनी १८९४ साली उभं केलेलं रुग्णालय आणि तंबोऱ्यांच्या दुकानांइतकीच त्याची पंचक्रोशीतली ख्याती. वाई, जालना, अहमदनगर, अशा किती गावांत ‘मिशन’ म्हणजे आधी दवाखाना आणि मग देऊळ. त्या काळच्या मिशनरी लेखनात बाळंतपणाची वर्णनं जागोजागी येतात आणि त्यांत एक पात्र ठरलेलं असतं, सुईण. उत्तरेकडे दाई. ती नेहमी म्हातारी असते, तिची नखं वाढलेली असतात, लुगडं मळकं असतं, ती ओढते, तुडवते, राखेने-शेणाने नाळ बांधते. अंधारी खोली, धूर, किंचाळ्या. मग दार उघडतं आणि पांढऱ्या कपड्यातली मडम दिवा घेऊन आत येते. वर्णन खोटं असतं असं मी म्हणत नाही. आमच्या खोलीच्या भिंती मी बोटाने पुसलेल्या आहेत, आणि आठव्या दिवसाचं मूल आमच्याच घरातलं. पण तीच ती बाई सारखी भेटायला लागली की मनात शंका येते. हे लेखन सातासमुद्रापार चर्चमध्ये वाचलं जाणार असायचं, त्यानंतर वर्गणीचं ताट फिरणार असायचं. ताट भरायचं तर सुईण जितकी काळी तितकी बरी.

आणि त्यांच्या मायदेशात तरी काय होतं? १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरच्या लक्षात आलं की एकाच रुग्णालयाच्या दोन वॉर्डांपैकी जिथे डॉक्टर आणि विद्यार्थी बाळंतपणं करतात तिथे बायका धडाधड मरतात, आणि जिथे सुइणी करतात तिथे त्या मानाने पुष्कळच वाचतात. शवचिकित्सा करून आलेले हात तसेच बाळंतिणीत घातले जायचे. बायका गयावया करायच्या, आम्हाला सुइणींच्या वॉर्डात घ्या. सेमेलवाइसने क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले, मरणं उतरली, आणि मोठमोठ्या डॉक्टरांनी त्यालाच वेड्यात काढलं. खुद्द इंग्लंड-वेल्समध्ये १९३०च्या दशकाच्या मध्यापर्यंत दर १००० बाळंतपणांमागे ४ ते ५ बायका मरत होत्या. जंतू मारणारी सल्फाची औषधं आली तेव्हा कुठे तो आकडा झरझर खाली आला. आपल्याकडे याहून कितीतरी जास्त मरायच्या, हे खरंच. पण आमच्या सुइणीला रोगजंतू कळत नव्हते म्हणून तिला अडाणी म्हणायचं, तर व्हिएन्नाच्या प्राध्यापकांना काय म्हणायचं हेही ठरवायला हवं. मावशीच्या कानशिलावर ज्याची खूण आहे तो चिमटा तर इंग्लंडात चेंबरलेन नावाच्या डॉक्टर घराण्याने शंभराहून अधिक वर्षं गुपित ठेवला होता. घरातल्या घरात बापाकडून मुलाकडे. तेवढ्या काळात तिकडच्या किती अडलेल्या बायका मेल्या असतील! धंद्याची विद्या झाकून ठेवायची खोड काही फक्त आपल्याच वैद्यांची नाही.

एवढं चिडून झाल्यावर पुन्हा त्या बायकांबद्दल वाचलं की राग ओसरतो. क्लारा स्वेन १८७० साली बरेलीत उतरली. अमेरिकेतून वैद्यकीची पदवी घेऊन हिंदुस्थानात आलेली ही पहिली मिशनरी बाई. रामपूरच्या नबाबाने तिला बरेलीतली आपली कोठी आणि भोवतालची जमीन दिली, आणि १८७४ मध्ये तिथे बायकांचं रुग्णालय उघडलं. एडिथ ब्राउन केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात शिकली, त्या काळात केंब्रिज बायकांना शिकवायचं पण पदवी द्यायचं नाही. ती लुधियान्याला आली, १८९४ साली चार विद्यार्थिनींना घेऊन तिने बायकांची वैद्यकीय शाळा काढली, पुढे आयुष्य इथेच काढून १९५६ साली श्रीनगरात वारली. या बायकांना आपल्या देशात कोण विचारत होतं? पदवी मिळाली तरी तिथली रुग्णालयं त्यांना दारात उभं करायला नाखूश. इथे मात्र अख्खं रुग्णालय त्यांच्या हातात, शस्त्रक्रिया त्यांच्या, विद्यार्थिनी त्यांच्या, हिशेबही त्यांचाच. आपल्या बायकांना त्यांची गरज होती हे सगळे सांगतात. त्यांनाही आपल्या बायकांची तितकीच गरज होती. पडदानशीन बाई परपुरुष डॉक्टरला दिसत नाही, हे त्यांच्या नोकरीचं कारण होतं, म्हणून तो पडदा त्यांच्या लिखाणात जरा जास्तच जाड झालेला असतो. आमच्याकडे शेतात राबणाऱ्या बाईला कसला आला पडदा. मिरजेला वानलेस पुरुषच होते, आणि बायका त्यांच्याकडे जातच होत्या.

पण जिथे पडदा खरा होता तिथे त्याने हाडं खाल्ली, अक्षरशः. काश्मीरमध्ये काम केलेल्या डॉ. कॅथलीन व्हॉन यांनी १९२०च्या दशकात लिहून ठेवलंय की ऊन न मिळाल्याने मुलींची हाडं मऊ पडतात, कमरेच्या हाडांचं कडं आकसतं, आणि मग मूल बाहेर यायला वाटच उरत नाही. होड्या वल्हवणाऱ्या हांजी बायका, ज्यांना झाकून बसायची चैन परवडत नव्हती, त्या सहज बाळंत व्हायच्या. आणि अडलेली बाई कशीबशी वाचली तरी कित्येकदा मूत्राशयाला भोक पडलेलं असायचं. लघवी सतत झिरपत राहायची, अंगाला वास यायचा, नवरा टाकून द्यायचा. अशा बायका मिशनच्या पडवीत येऊन बसायच्या आणि डॉक्टर तासन्‌तास खपून ते भोक शिवायचे. धर्माचं काहीही असो, हे काम दुसरं कुणी करत नव्हतं. फॉरवर्ड लिहिणाऱ्यालाही हे विचारावंसं वाटतं, की बाबा, त्या बाईला घरात घ्यायला तू तयार होतास का?

विलायतेत व्हिक्टोरिया राणीला बायकांचे हे हाल कळले कसे, याच्या दोन गोष्टी सांगतात. १८८१ साली पन्नाच्या महाराणीवर लखनौच्या मिशनरी एलिझाबेथ बीलबी उपचार करत होत्या. निरोप घेताना महाराणीने त्यांना बारीक अक्षरात लिहिलेली चिठ्ठी एका लॉकेटमध्ये घालून दिली आणि सांगितलं, ही दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नका, व्हिक्टोरिया राणीच्याच हाती द्या. दुसरी गोष्ट आपल्या पुण्यातली. १८८२ साली शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर कमिशनपुढे पंडिता रमाबाईंनी साक्ष दिली की इथल्या बायकांना बाई डॉक्टर हवी, नाहीतर त्या लाजेकाजेने मरतात. रमाबाई तेव्हा ख्रिस्ती झाल्या नव्हत्या. पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या त्या खरं तर डॉक्टर व्हायलाच, पण कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे ते राहून गेलं. मग १८८५मध्ये बायकांना बाई डॉक्टर मिळावी म्हणून व्हाइसरॉयच्या बायकोचा, लेडी डफरिनचा फंड निघाला, त्यात अट अशी की फंडाच्या डॉक्टरणींनी धर्मप्रचार करायचा नाही. मिशनऱ्यांना ही अट फारशी रुचली नाही, आणि तसं पाहिलं तर त्यांची बाजूही समजते. वाट त्यांनी पाडली, आणि सरकार म्हणालं आता तुमच्या येशूला बाहेर उभं करा.

मुंबईने तर याहून वेगळी वाट काढली होती. पेस्तनजी कामांच्या पैशातून बायकांसाठी कामा हॉस्पिटल उभं राहिलं, डॉ. एडिथ पीची विलायतेहून आल्या, आणि या सगळ्याला क्रुसाची गरज पडली नाही. रखमाबाई पुढे लंडनला जाऊन १८९४ साली डॉक्टर झाल्या त्याही याच वाटेने. मिशनऱ्यांशिवाय काहीच झालं नसतं असं म्हणणाऱ्यांना मी ही नावं सांगते. फक्त मुंबईत कामाशेठ होते, आमच्या गावाला नव्हते. आमच्या गावाहून बैलगाडीच्या टप्प्यात होतं ते मिरजेचं मिशन.

डॉ. आनंदीबाई जोशींची गोष्ट मी सांगत बसत नाही, ती सगळ्यांना पाठ आहे. त्यातला एकच तुकडा मला छळतो. १८७८ साली गोपाळरावांनी कोल्हापूरहून मिशनऱ्यांकडे मदत मागितली, बायकोला अमेरिकेत शिकवायचं आहे म्हणून. उत्तर आलं ते येशूला शरण या, अशा धर्तीचं. पण वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याने तो पत्रव्यवहार आपल्या मिशनरी मासिकात छापला, आणि न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंनी दंतवैद्याकडे नंबर यायची वाट बघताना तो वाचला. म्हणजे नकारही मिशनचा आणि दारही मिशनचंच, आणि त्या दारातून आत जाताना आनंदीबाईंनी सेरामपूरच्या भाषणात सांगून टाकलं होतं की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. ज्या कॉलेजात त्या शिकल्या ते पेनसिल्व्हेनियाचं बायकांचं कॉलेज, क्लारा स्वेनचंही तेच. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गमावलेल्या या मुलीने प्रबंधाला विषय घेतला तो आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. म्हणजे तिला आपल्याकडचं सगळंच टाकाऊ वाटत नव्हतं. ती जगली असती तर कोल्हापूरच्या रुग्णालयात बायकांचा वॉर्ड तिच्या हाताखाली असता, आणि आमच्या पंचक्रोशीतल्या सुइणींशी ती मराठीत बोलली असती. पुढे काय झालं असतं याचा विचार मी कधीकधी रात्री करते आणि मग झोप येत नाही.

वेल्लोरच्या आयडा स्कडरची गोष्टही अशीच छळते. तिकडेच तिंडिवनमला मिशनरी डॉक्टर वडिलांच्या बंगल्यात ती होती, मिशनरी व्हायचं तिच्या मनातही नव्हतं. एका रात्री तीन पुरुष एकामागून एक दारात आले, त्यांत ब्राह्मणही होता, मुसलमानही होता. तिघांच्याही बायका अडल्या होत्या. ती म्हणाली, मला काही येत नाही, वडिलांना न्या. तिघांनीही पुरुष डॉक्टर नाकारला. सकाळपर्यंत तिन्ही बायका गेलेल्या होत्या. मग ती अमेरिकेला जाऊन डॉक्टर झाली, परत आली, १९०२ साली रुग्णालय काढलं, १९१८ साली मुलींचं वैद्यकीय विद्यालय. ही गोष्ट शंभर ठिकाणी शंभर वेळा सांगितली गेली आहे. रुग्णालयाला नाव पडलं मेरी टेबर शेल, देणगी देणाऱ्या न्यूयॉर्कच्या सावकाराच्या दिवंगत पत्नीचं. ज्या तीन बायकांच्या मरणावर हे सगळं उभं राहिलं त्यांची नावं कुणी विचारलीही नसावीत. नवऱ्यांची जात आणि धर्म मात्र प्रत्येक वेळी सांगतात.

‘तुझ्या आजीलाही मिशनात नाव नव्हतं,’ मावशी म्हणाली. ‘खाटेचा नंबर.’

आजीला तिथलं काय काय आठवायचं ते मावशीला सगळं पाठ आहे. लोखंडी खाट, पांढरी चादर, आणि फिनेलचा वास, जो पुढे आयुष्यभर आजीला आवडत राहिला. आमच्या वाड्यातलं न्हाणीघर ती फिनेलने धुवायची तेव्हा आम्ही नाकं मुरडायचो. बाहेर झाडाखाली नातेवाइकांच्या तीन दगडांच्या चुली, प्रत्येक जातीची वेगळी, धूर मात्र एकच. आजीची आई ओल्या लुगड्याने भात शिजवायची आणि वॉर्डाच्या दारापर्यंत आणून ठेवायची, पुढे ती यायची नाही. मोठी खिडकी, आणि बाळंतिणीच्या अंगावर वारं! आजीला वाटलं आता वात होणार आणि आपण मरणार. ती मेली नाही, तिला भूक लागली.

रोज सकाळी एक बाई हातपेटी घेऊन यायची आणि खाटांच्या मधल्या वाटेत उभी राहून भजन म्हणायची. ना. वा. टिळकांनी येशूवर अभंग लिहून ठेवलेले, चाल आपलीच, भाषा आपलीच. पहिल्या दिवशी आजीने तुकारामाचा समजून हात जोडले. येशूचं नाव आलं तेव्हा दचकून सोडले, मग शेजारच्या खाटेवरच्या बाईकडे पाहून पुन्हा जोडले. मी मावशीला विचारलं, तिला राग नाही यायचा? आजारी बाईला असं पकडून ऐकवायचं म्हणजे काय! मला खरोखरच ते आवडत नाही. टाके घातलेली बाई उठून जाऊ शकत नाही, आणि ती उठू शकत नाही हे माहीत असूनच गाणारी तिथे उभी असते. मावशी हसली. ‘आई म्हणायची, गाणं सुरू झालं की अर्धा तास कुणी थर्मामीटर लावायला यायचं नाही, पुसायला यायचं नाही. ती त्या वेळात गाढ झोपायची. सासरी आल्यापासून दिवसाउजेडी झोपायला तिला तिथेच मिळालं.’ मिशनचे अहवाल किती जणांच्या कानी शुभवर्तमान पडलं हेही मोठ्या समाधानाने सांगत. आजी त्या श्रोत्यांमध्ये मोजली गेली असणार.

मावशीला पहिल्यांदा हातात घेतलं ते एका नर्सबाईने. मडमेने नव्हे. आजी तिच्याबद्दल फार बोलायची नाही, पण बोलली की एवढंच, ‘तिचे हात गरम होते.’ मावशीने पुढे कधीतरी खोदून विचारलं तेव्हा कळलं की ती बाई मिरजेजवळच्याच एका गावची, मिशनच्या बोर्डिंगात शिकलेली, आणि तिची आई सुईण होती. मांगवाड्यातली. आजीला हे तिथे असतानाच कळलं होतं आणि तिने ते घरी कुणाला सांगितलं नाही. मला या सगळ्यात ही बाई सर्वांत मोठी वाटते, आणि तिच्याबद्दल कुठेही काही सापडत नाही. मडमांची चरित्रं आहेत. इथल्या सुइणींना शिकवण्यासाठी व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी कर्झननी १९०३ साली फंड काढला त्याचे कागद आहेत. पण सुइणीची लेक पांढरी साडी नेसून, हात उकळत्या पाण्याने धुऊन, कुलकर्ण्याच्या बायकोचं मूल उचलते आणि कुलकर्ण्याची बायको ‘शिवू नकोस’ म्हणत नाही, हे ज्या सकाळी पहिल्यांदा घडलं असेल तिची तारीख कुठे नाही. त्या काळात इथल्या नर्सांमध्ये ख्रिस्ती मुलीच बहुसंख्य होत्या, कारण रक्त, लघवी, वार उचलायला दुसऱ्या घरांतून मुली येतच नव्हत्या. पाठ्यपुस्तक उघडलं तर आपण म्हणतो, मिशनऱ्यांनी रुग्णसेवा आणली. सेवा करणारे हात इथलेच होते, तेच, जे आधीही नाळ कापत होते. फरक एवढा की आधी त्यांना उंबऱ्याच्या आत नाळ कापेपर्यंतच जागा होती आणि नंतर अंगण झाडून शेण शिंपडायचं. मिशनात त्यांना पगार होता, कोट होता, आणि ‘बाई’ म्हणून हाक होती. आता कुणी म्हणेल, त्यासाठी धर्म बदलावा लागला. हो, लागला. आमच्या गावात राहून, धर्म न बदलता, तिला ‘बाई’ म्हणणारं कोण होतं ते सांगा आणि मग बोला.

आजी बाळ घेऊन परत आली तेव्हा वेशीवरच गाडी थांबवली. पंचगव्य दिलं, बाळाच्या जिभेलाही बोट लावलं. भटजींनी दक्षिणा घेतली. मिशनात घालायला दिलेलं झबलं ओढ्यात टाकलं. आणि त्या दिवसापासून मावशी वाड्यात झाली. असं काही सांगायचं कुणी ठरवलं नसावं, एक एक जण सांगत गेला. गरज होती तेव्हा गाडी जुंपली, गरज संपली तेव्हा जीभ धुतली. आज कुणी मिशनरी आपल्यावर उपकार मोजतो तेव्हा आपल्याला राग येतो, तो यावाच. पण आपणही त्या उपकाराचा हिशेब कधी ठेवला नाही, तो तर गोमूत्रात विरघळवून टाकला, आणि वर आता फॉरवर्ड टाकतो. हे मी मामेभावाला फोनवर बोलले. तो म्हणाला, ‘तू फार मनावर घेतेस.’ घेते.

मावशीला मी शेवटी त्या गावच्या सुइणीबद्दल विचारलं, जिने मिरजेला न्या म्हणून सांगितलं. तिने हट्ट धरला असता, अजून चार तास ओढलं-चोळलं असतं, तर ना मावशी असती, ना माझी आई झाली असती. आपल्याला काय येत नाही हे जिला वेळेवर कळलं आणि जिने ते कबूल केलं, ती त्या रात्री त्या गावातली सगळ्यात शहाणी बाई होती असं माझं मत आहे. बारशाला आली होती का ती? मावशीने शेंगांची टरफलं सुपात गोळा केली. ‘आली होती की. अंगणात बसली होती. रीतीप्रमाणे सुईणीला लुगडं-खण द्यायचा. आईच्या सासूबाईंनी अर्धी पायली जोंधळे घातले आणि लुगडं नाही दिलं. म्हणाल्या, नाळ हिने कुठे कापलीय?’ मावशी हे सांगताना रागावली होती. तिच्या आईकडून तिने हे ऐकलं तेव्हा, म्हणे, आजीही अशीच रागावलेली असायची, आणि सासू जाऊन वीस वर्षं झाली तरी तो राग काही गेला नव्हता.